दोन खाचा

९ जानेवारी

मॉडेल पुन्हा आपटलं! संगणक म्हणतो, डिंकाची झाडं ठणठणीत. जंगलात मात्र दर तिसरं झाड वाळलेलं. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि झाडाला थापा मारता येत नाहीत.

आईचा फोन. "तिशीची घोडी झालीस, अजून शाळाच?" तिला पुन्हा समजावलं — लाकूड न तोडता जंगलातून जे मिळतं, डिंक, मध, मेण, ते किती काढलं तर जंगल टिकेल, याचं गणित. "मग जमलं का गणित?" मी फोन ठेवला.

१२ जानेवारी

माझे मार्गदर्शक, सर, यांचा अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा प्रबंध परत वाचला. तेव्हा तेही माझ्यासारखेच विद्यार्थी. चाळीस झाडं, चार वर्षं. वीस झाडांना वर्षाला दोन खाचा, वीस झाडांना चार. खाचेतून डिंक पाझरतो, तो खरवडायचा, तोलायचा. निष्कर्ष — चार खाचांनीही झाडाला इजा नाही. त्यावरूनच वनखात्याचा नियम झाला: झाडामागे चार. माझं मॉडेलही त्याच आकड्यांवर उभं आहे.

सरांवर संशय? जीभ झडो माझी! प्रवेशाच्या मुलाखतीत मला घाम फुटला, तेव्हा समितीतून उठून पाण्याचा ग्लास ज्यांनी आणून दिला, ते हेच सर.

१९ जानेवारी

त्या चाळीस झाडांकडे जाऊन आले. त्या तुकड्याला नंतर कुणी हात लावलेला नाही. सोबत मावशी — सत्तरीची, जन्मभर डिंक काढणारी. सरांच्या प्रयोगातल्या खाचाही तिच्याच हातच्या.

खाच भरून येते, वण राहतो. मोजत बसले. दोन खाचांची झाडं: चार वर्षांचे आठ वण. बरोबर. चार खाचांच्या झाडांवर सोळा हवेत. पहिल्यावर आठ. दुसऱ्यावर आठ. विसाव्यावरही आठ!

पुन्हा पहिल्यापासून मोजले. आठच.

"मावशी, इथे चार खाचा मारल्याच नाहीत?"

ती कोयत्याच्या धारेवर अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "नाही मारल्या. ओल्या बाळंतिणीला कुणी कामाला जुंपतं का गं? माझा हातच धजला नाही. चष्मेवाल्याला सांगितलं, मारल्या म्हणून."

चष्मेवाला म्हणजे सर.

"आणि त्यांना दिसलं नाही?"

"त्याचं डोकं सदा वहीत. त्याला काय दिसणार! त्याला बोल लावू नकोस हां. तो आता मोठा माणूस झालाय."

हिनं वीस झाडांवर दया केली, आणि त्या दयेपायी सगळ्या जंगलाला चार-चार घाव बसले. हे तिला सांगायचं कसल्या तोंडानं? नाही सांगितलं. तिची मोळी डोक्यावर चढवून दिली आणि परत आले.

२० जानेवारी

दिवसभर कपडे धुतले. धुतलेलेसुद्धा.

२३ जानेवारी

सरांना सांगितलं. मेमध्ये ते निवृत्त होणार, आणि मी हे घेऊन उभी!

"किती वण?"

"आठ, सर. वीसच्या वीस झाडांवर." मावशी काय म्हणाली, तेही सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "ती असं म्हणाली?" काच पुसत पुन्हा, "असं म्हणाली ती?"

मला राहवेना. म्हटलं, "सर, मी विषय बदलते. कुणाला काही कळायचं नाही."

"आणि झाडं?"



२७ जानेवारी

सरांनी वनखात्याला आणि विद्यापीठाला पत्र लिहिलं. आधी मला वाचायला दिलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते — "चार खाचांचा प्रयोग झालाच नाही. खाचा मारू नका असं मीच सांगितलं, आणि आकडे मीच रचले. डिंक काढणाऱ्या बाईंकडे यात कसलाही दोष जात नाही."

डोळे भरून आले. मावशीवर बोट उठू नये म्हणून माणसानं जन्माची अब्रू पणाला लावली! खोटं — पण काय सोन्यासारखं खोटं!

"सर, असं झालं नव्हतं ना."

"टपालात टाक," एवढंच म्हणाले.

११ फेब्रुवारी

सरांची चौकशी लागली. निरोप समारंभ रद्द. प्रयोगशाळेत कुजबुज — म्हातारपणी तोंडाला काळं फासून घेतलं. मला ओरडून सांगावंसं वाटतं की अरे, त्यांनी काहीच केलेलं नाही! पण मग मावशीचं नाव येईल. दात आवळून बसते.

एक बरं झालं. या हंगामापासून झाडामागे दोनच खाचा. पुढचं माझा अभ्यास झाल्यावर ठरणार. नवे आकडे, शून्यापासून. म्हणजे आणखी दोन वर्षं... आईला कोण सांगणार?

१६ फेब्रुवारी

मावशीला सगळं सांगितलं, झाडांचं काय झालं तेही. सरांचं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, तुमच्यासाठी केवढं खोटं लिहिलं त्यांनी.

तिनं कोयता खाली ठेवला. म्हणाली — "खोटं कुठलं? तसंच झालं होतं. तिसरी खाच मारायला मी कोयता उचलला, तर ते चष्मेवालं पोरगं झाडाला पाठ लावून उभं राहिलं. मावशी नको, म्हणालं. खोटं मी बोलले, तुझ्याशी."