जानकीच्या सासरचा साल्वा

७ फेब्रुवारी १९६२
सकाळी परसात एकेकाची तब्येत विचारून आलो. तुळस – ठणठणीत. अबोली – नखरे चालू. मिरची – बरी, पण तोंड वाकडं. साल्वा – गाडी लागल्यासारखा आडवा!

हा नवा पाहुणा, परदेशी वासाचा पाला. पोर्तुगीज गेले, गोव्याची वाट उघडली आणि शेजारच्या लुईसबरोबर म्हापशाहून आमच्या जानकीने धाडला, सासूच्या कुंडीतला. बायकोला, यशोदाला, थाप मारली – लुईसकडचं शोभेचं झाड. पाच वर्षांपूर्वी जानकीने आंतोनशी लग्न केलं. तेव्हापासून लेकीचं नाव निघालं की ही ताट सारून उठते.

१५ फेब्रुवारी
पानं काळी पडली. लुईस ओरडला, "काकानू, रोज पाणी? माड आसा काय तो?"

पुळणीची रेती चारदा धुतली, मीठ घालवलं, मातीत मिसळली. आता पाणी चार दिवसांनी.

११ मार्च
जगला! पानं सशाच्या कानासारखी. बोटीवर तीस वर्षं रांधलं, तिथे गोरे हा पाला डुकरात घालत. आपण बांगड्याच्या पोटात सहा पानं कोंबली.

यशोदा म्हणाली, "बांगडो खंय गावलो? वैद्याकडे?" मांजरसुद्धा उठून गेलं.

१२ मार्च
दोनच पानं खोबरेल तेलात कुरकुरीत करून डाळीवर. यशोदाने दोनदा वाढून घेतली.

२ एप्रिल
जांभळे तुरे आले. यशोदा कुंडीशी बोलते. माझ्याशी नाही.

१७ एप्रिल
घोटाळा! चैत्रात देवाला दवणा वाहायचा. बाजारात मिळाला नाही म्हणून यशोदाने साल्वाची डहाळी तोडून वाहिली. वर म्हणते, "वासाक दवण्यापेक्षा बरो!"

मला हसू आवरेना. निसटलं तोंडातून – "अगो, तां जानकीच्या सासूच्या दारातलां झाड!"

तिने देव्हाऱ्याकडे हात नेला. मागे घेतला. वाहिलेलं त्या दिवशी उचलायचं नाही, हा तिचाच नियम.

"देवान घेतल्यान," मी म्हटलं. "आता तू काय करतलस?"

"गप ऱ्हवा!"

जेवली नाही. माझीच जीभ कापून त्या बांगड्यात भरायला हवी होती.

१९ एप्रिल
आज पोस्टकार्ड पुढ्यात टाकून म्हणाली, "लिवा." तिने सांगितलं तसंच लिहिलं, अक्षर बदललं नाही –

"चिरंजीव आंतोन, दीड म्हयन्यात पाऊस येतलो. ह्यां झाड पावसात कसां जगवतत, तां तुझ्या आवशीक इचार. जानकीक इचारून फायदो नाय, तिच्या हातीन कडीपत्तोसुद्धा जगलो नाय. बेगीन पत्र धाड."