अण्णा म्हणतो, आईचे दोन्ही डोस झालेत

२२ डिसेंबर २०२१, बुधवार
अण्णा आईला सोडून गेला. वहिनी पॉझिटिव्ह. "थोडे दिवस ठेवून घे, वसू." के. आर. पुरमहून शहराच्या या टोकाला यशवंतपूरला येऊन फाटकातूनच परत. दोन मास्क, वर हातमोजे. भाऊ नव्हे, गॅस दुरुस्तीवाला वाटत होता. पिशवी फाटकाशी ठेवली आणि आईला वर चढायला सांगितलं. तिला ऐकू गेलं नसावं. मीच खाली जाऊन आणली.
विचारलं, आईचे दोन्ही डोस झाले ना? "झाले गं. केव्हाच."
सुधीर रोज कारखान्यात जातो, तिथे निम्मे खोकतायत. म्हणून घरात नियम: आईसमोर आम्ही नवरा-बायकोनं मास्क लावायचा. ती अठ्ठ्याहत्तरची आहे. सुधीर म्हणाला, घरात पण? म्हटलं, घरात पण.
थंडी भलतीच आहे यंदा. खालच्या शारदक्का कानटोपी घालून रांगोळी काढतात.

२५ डिसें., शनि.
आईला विचारलं, दूध घेणार? म्हणाली, "परवाच गेला."
कोण गेला? "तूच विचारलंस ना." पुढे काही नाही.
दिवसभर हेच. मी एक विचारते, ती दुसरंच सांगते, नाहीतर नुसती मान हलवते. कान तिचे जुनेच अधू, यंत्र कपाटात पडून आहे, शिट्टी मारतं म्हणून लावत नाही. पण आधी तर असं नव्हतं. अण्णाला फोन केला.
"वर्षभर असंच आहे. डोकं चालत नाही तिचं हल्ली. एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखवायला हवं."
अण्णा हे 'सिलिंडर संपलाय' सांगावं तसं सांगतो.

२९ डिसें., बुध.
रात्रीचा कर्फ्यू लागला. सुधीरची पाळी लवकर सुटणार म्हणे. निदान त्याला तरी बरं.
पुण्याची चुलतबहीण फोनवर: "तुम्ही ठीक ना तिकडे? बेळगावला पुतळ्यांवरून पेटलंय ते वाचलं." ठीक आहोत म्हटलं. संध्याकाळी शारदक्का जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, ३१ ला कानडी संघटनांचा बंद आहे म्हणतात, तुम्ही बाहेर मराठीत बोलू नका, स्वल्प दिवस. आमचं घराणं या शहरात तीनेकशे वर्षं आहे. मराठी घरात बोलतो, तेही निम्मं कानडी. पुण्यात गेलं की हसतात, इथे जपून राहा म्हणतात. आणि सध्या घरातही कोणाशी बोलायची सोय नाही. आई भिंतीकडे बघत बसते.

३१ डिसें., शुक्र.
बंद शेवटच्या घटकेला मागे. भाजी मात्र काल घाबरून दुप्पट आणून ठेवली. आता आठवडाभर कोबी.

४ जानेवारी २०२२, मंगळ.
साठीच्या वरच्यांना तिसरा डोस देणार, बातम्यांत सांगितलं. दुसरा कधी झाला ते बघायला अण्णाकडे आईचं सर्टिफिकेट मागितलं. सकाळी म्हणाला शोधतो. दुपारी म्हणाला डाउनलोड होत नाही. संध्याकाळी फोन उचलेना. शेवटी वहिनीला लावला, तिच्या हातून त्यानं घेतला.
"झालेलं नाही तिचं."
"कोणतं?"
"एकही नाही. उन्हाळ्यात नेलं होतं, तशीच परत आली. मग म्हणाली नको. मी काय उचलून नेऊ?"
"मग झाले म्हणून का सांगितलंस?"
"तू रोज विचारायचीस म्हणून."
फोन ठेवला. मी रोज विचारायची, म्हणून. आणि गेल्या उन्हाळ्यात त्याच घरात दोघं आजारी पडले होते, ही तिथेच.

५ जाने.
अजून राग उतरलेला नाही. सुधीर म्हणतो, भावाला शिव्या देऊन आईला अँटीबॉडी मिळणार नाहीत. मग त्यालाही चार शब्द ऐकवले.

८ जाने., शनि.
वीकेंड कर्फ्यू. रस्ता चिडीचूप. आज आईला समोर बसवून सांगायचं ठरवलं. मास्क होताच. सुरुवात हळू केली, ऐकू येईना म्हणून आवाज चढवला, मग आणखी. शारदक्कांनी खालून विचारलं, काय झालं?
आई म्हणाली, "बेडा." नको. आणि डोळे मिटून घेतले.
तिनं डोळे मिटले की विषय संपतो. लहानपणीही असंच होतं, पण तेव्हा ते शिक्षा म्हणून असायचं. आता काय म्हणून आहे कळत नाही.

१२ जाने., बुध.
सुधीरच्या खात्यातले बरेच जण पॉझिटिव्ह. तो निगेटिव्ह. घसा माझा दुखतोय.

१३ जाने.
मी पॉझिटिव्ह. अर्थात. कारखान्यात जाणारा धडधाकट आणि घरी बसून लॅपटॉपवर हिशेब तपासणारी आडवी. आईचीही टेस्ट झाली, निगेटिव्ह. मागच्या खोलीत बंद झालेय. या खोलीची खिडकी गॅलरीत उघडते. उघडते म्हणजे उघडत नाही, नुसती काच आहे. दाराशी ताट येतं. आजची खिचडी खाली काळी, वर कच्ची.
ताप. अंग मोडून गेलंय.

१५ जाने., शनि.
कालची संक्रांत झोपेतच गेली. शारदक्कांचं एळ्ळुबेल्ल सुधीरनं दाराशी ठेवलं. तीळगूळच, वर खोबऱ्याचे तुकडे आणि शेंगदाणे. चव लागली, म्हणजे अजून आहे.
दुपारी आई गॅलरीत स्टूल घेऊन आली, काचेपलीकडे बसली. खोलीत एकटीच, म्हणून मला मास्क नव्हता. म्हणाली, "काही खाल्लंस का?" तिचा आवाज काचेतून पुसट येत होता. मी सवयीनं नुसतेच ओठ हलवले, घशातून आवाजच निघत नव्हता. "सुधीरच्या हातचं आहे आई, खाल्लं म्हणजे शौर्य केलं."
ती हसली.
मला वाटलं, माझा चेहरा बघून हसली. म्हणून म्हटलं (आवाज नाहीच), "वहिनी बरी आहे का?" "बरी आहे. वास येत नाही म्हणाली व्हिडिओवर. पण पहिल्यापासून तिला आमटी जळल्याचा वास कुठे यायचा?"
मी उठून बसले. आणखी विचारत गेले. शारदक्कांची नात, कोबी, बाबांच्या वेळचं इथल्याच शिवाजीनगरचं दुकान. सगळ्याची उत्तरं नेमकी. एकही वाकडं नाही. डोकं तर माझ्यापेक्षा जागेवर आहे.
ओठ बघून ऐकते ती. किती वर्षं, देव जाणे. तिनं कधी सांगितलं नाही, आम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही. आणि दीड-दोन वर्षं आम्ही सगळे तोंड झाकून तिच्याशी ओरडतोय.

१७ जाने., सोम.
ताप नाही. आई दोन्ही वेळा येऊन बसते. आज मीच काढलं, डोस का नको.
बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग सांगितलं. उन्हाळ्यात अण्णानं तिला शाळेतल्या लसीकरण केंद्राच्या फाटकाशी सोडलं, गर्दीत नको म्हणून स्वतः गाडीत बसला. आत सगळ्यांची तोंडं झाकलेली. कोण काय विचारतंय कळेना. एक मुलगी काहीतरी विचारायची, ही हूं म्हणायची. ती मुलगी विचारत होती, "ज्वर इद्या, अज्जी?" ताप आहे का? हूं. खोकला? हूं. घरात कोणी आजारी? हूं. मग तिला बाजूला एका बाकावर एकटी बसवली. सगळे लांबून बघत होते. कुणीतरी हसलं. नंतर एका माणसानं हातानं 'जा' केलं.
"कुत्र्याला करतात तसं," म्हणाली.
"अण्णाला सांगितलं नाहीस?"
"त्यानं विचारलं, काय झालं. पण मास्क होता ना त्याला. मला वाटलं, पुन्हा आत जातेस का विचारतोय. मी म्हटलं, नको."


१९ जाने., बुध.
अण्णाला सगळं सांगितलं. म्हणाला, "मग मी काय करणार होतो, वसू? घरात माणसं आजारी, मास्क काढून तिच्याशी बोलू?"
मीही मास्क लावूनच ओरडत होते. म्हणूनच जास्त चीड आली. म्हटलं, निदान डोकं गेलंय म्हणणं बंद कर. म्हणाला, "सरी, बरं." डॉक्टरची वेळ घेतली होती, ती रद्द करतो म्हणाला. म्हणजे घेतली होती.

२३ जाने., रवि.
बाहेर आले. वीकेंड कर्फ्यू उठवलाय, रस्त्यावर सगळं जग. सुधीरला म्हटलं, एवढे दिवस स्वयंपाक केलास, आभार. म्हणाला, उद्यापासून सुट्टी ना?
मास्क पुन्हा तोंडावर. आई पुन्हा गप्प. आता काय होतंय ते कळतं, त्यामुळे सोसवत नाही. गॅलरीत वाऱ्याला, लांब उभं राहून, मास्क खाली करून दोन वाक्यं बोलते आणि परत वर. सुधीर म्हणतो, चालेल का असं? मला काय माहीत. कोणालाच माहीत नाही. टीव्हीवर रोज नवा डॉक्टर.

२६ जाने., बुध.
आई आपणहून म्हणाली, "नेतेस तर ने. पण गाडीत बसून राहायचं नाही."

२९ जाने., शनि.
गेलो. गर्दी नव्हती. आवारात कोपऱ्यात नेऊन, मास्क खाली करून तिची तयारी करून घेतली. आधी नाव विचारतील. मग बीपी, साखर. मग ताप, तिथे इल्ल म्हणायचं, नाही. मग कुठला हात. पाठ केलं तिनं, शाळकरी मुलीसारखं.
आत सिस्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, कुठला हात? आई म्हणाली, "सावित्रीबाई."
मी मध्ये पडले, ऐकू येत नाही त्यांना. सिस्टर वाकली आणि कानाशी मोठ्यानं ओरडली. अख्खी खोली वळली. मला वाटलं, संपलं, आता उठून जाणार. आई तिच्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "कूगबेडम्मा. ओरडू नको गं बाई. हात दाखव, मी हात देते."
सिस्टर थांबली. स्वतःच्या दंडावर बोट ठेवलं. आईनं बाही वर केली.
बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसलो. घरी येताना रिक्षात माझा हात धरून होती. पडू नये म्हणून असेल.
अण्णाला मेसेज केला. त्यानं अंगठा पाठवला. पुढच्या आठवड्यात न्यायला येतो म्हणाला. आईला विचारू म्हटलं.

३१ जाने., सोम.
आईला ताप. शारदक्का म्हणतात डोसचा, त्यांच्या सासऱ्यांनाही आला होता. अण्णा म्हणतो तुझ्याकडून लागला, मास्क खाली करून बोलत होतीस ना. रात्रीचा कर्फ्यू आजपासून उठला म्हणून फटाके कोण उडवतंय कळत नाही.
अण्णाला वाकडं बोलले. तो चुकीचं बोलला असं मात्र सांगता येईना.

१ फेब्रु., मंगळ.
पालिकेचा माणूस येऊन स्वॅब घेऊन गेला. रिपोर्ट उद्या म्हणाला. ताप तेवढाच. खोकला नाही, की आहे? मी दाराशी कान लावून बसते.

२ फेब्रु., बुध.
रिपोर्ट नाही. फोन केला, म्हणाले सर्व्हर. दुपारी केला, दुसरा नंबर दिला. त्या नंबरवर बाई म्हणाली, हे आमच्याकडे नाहीच. सुधीर लवकर घरी आला, मला काही सुचत नाही बघून त्यानं पुन्हा खिचडी टाकली.
आई आता मागच्या खोलीत आणि मी गॅलरीत, स्टुलावर. ताप उतरला का, विचारलं. खांदे उडवले. दाराशी कॉफी ठेवून आले. दोन घोट घेतले, पेला बाजूला सरकवला.
"कशालाच चव नाही," म्हणाली.
माझ्या हातची कॉफी तिला आजवर कधीच आवडलेली नाही. त्यामुळे कळायला काही मार्ग नाही.