मयुरीच्या तोंडातले केस

१३ नोव्हेंबर २००६, पिपरी मेघे
पोचले एकदाची! केंद्र म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला, खिडकीशी पेरूचं झाड. इथे समुपदेशन शिकायचं, तेही कॉम्प्युटरवर. समोर बसून जे बोलवत नाही ते माणूस टाईप करून सांगतो, असं केंद्र चालवणारे प्रभाकरराव सर म्हणाले. पटलं मला. हिंगणघाटला आईला फोन केला. ती म्हणाली, नीट जेवत जा.

१५ नोव्हेंबर
पहिलीच पेशंट गिरडची मयुरी. तिनं लिहिलं, "ताई, माह्या तोंडात केस येऊन राह्यले. ओढले का अजून येते." मी खुर्ची मागे सरकवली. सर म्हणाले, किळस दाखवायची नाही, विचारत राहायचं. राहिले. शेवटी तिला हलकं वाटलं म्हणे. मी खूश!

१८ नोव्हेंबर
वरणभात खाताना जिभेखाली केस. लांब, ओला, मुळाशी पांढरं काही चिकटलेलं. खानावळवाल्या वच्छलाबाईंवर ओरडले. त्यांनी डोक्यावरचा पदर सारला. डोक्याचा गोटा, नुकत्याच तिरुपतीला केस देऊन आल्या होत्या. शरमले. ताट तसंच टाकलं.

२१ नोव्हेंबर
मयुरीचं तोंड साफ झालं. भाकर गोड लागते म्हणते.
माझ्या घशात गुंता आहे. बोट घालून ओढला तर पोटातून काही वर सरकल्यासारखं झालं. तेलकट, कुबट वास. ओकले. तरी आत आहेच.

२३ नोव्हेंबर
सरांना सांगितलं. ते चहात बिस्किट बुडवत होते. म्हणाले, "मयुरी पेशंट नाई, मांगच्या बॅचची पोरगी. ती सुटली ना? मंग तू काऊन रडून राह्यली? नवी पोरगी आली का तिले लिहून टाकजो." मग बोटं चाटली.
केसांपेक्षा या माणसाची शिसारी आली.

२५ नोव्हेंबर
जेवण नाही. दातांच्या फटीत — जिभेवर — सगळीकडे.
आईचा फोन. शब्द निघेना, नुसती ओली घरघर. तिनं रडत ठेवला.

२७ नोव्हेंबर
नवी मुलगी आली. आकांक्षा. सरांनी शेजारच्या खोलीत बसवली. बोलता येत नाही, म्हणून टाईप केलं — पळ इथून, माझ्या तोंडात केस —
आणि घसा सुटला. श्वास आला.
भिंतीपलीकडे ती खाकरली.
आता ती विचारते आहे, ताई, पुढे काय झालं. थांबायला हवं. शी, कसली मी — पण भूक लागली आहे, इतक्या दिवसांनी — एकच ओळ लिहिते, एवढी एकच, मग तिला —