जंगलाचं कॉलेज

आबा, लेकीचं कॉलेज ठरलं. जंगलातली जनावरं, त्यांच्या राहत्या जागा, माणसांशी होणारी त्यांची भांडणं, हे सगळं शिकवणारं कॉलेज. ही नात तुम्ही पाहिलीच नाही. ती जन्मली तेव्हा तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली होती. बारावीनंतर तिनं दुसरं नावच काढलं नाही, आणि गेले दोन महिने आम्ही मायलेकी कॉलेजं बघत फिरत होतो. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. सुट्टीचा वार गाठायचा, नाहीतर रजा टाकायची, असं चाललं होतं. शहराजवळच्या एका खासगी कॉलेजात भिंतभर वाघाचं चित्र होतं. तिथल्या बाईंनी गुळगुळीत पुस्तिका हातात दिली, बस, कँटीन, गणवेश सगळं सांगितलं. मुलं जंगलात किती दिवस राहतात, असं मी विचारलं, तर वर्षातून एक सहल असते म्हणाल्या. तरी लेकीच्या वडिलांचा कल तिकडंच होता. पोरगी डोळ्यासमोर राहील, फी जास्त असली तरी कर्ज काढू, असं त्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढं हट्ट धरला. विदर्भातलं सरकारी कॉलेज लांब आहे, इमारत जुनी आहे, पण फी आपल्याला झेपते, मुलींचं वसतिगृह आवारातच आहे, पदवी वनखात्याच्या परीक्षेला चालते. तिथं शिकलेल्या दोन मुलींशी लेक फोनवर बोलली. मला त्यांना एकच विचारायचं होतं, शिकवणारे सर स्वतः तुमच्याबरोबर जंगलात येतात का. येतात, आठवडा आठवडा राहतात, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुरतं तिथंच ठरलं.

तो प्रश्न माझा नव्हता, तुमचा होता. माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात तुम्ही मेंढरं चुलत्यांच्या हवाली केली आणि मला घेऊन देवगाव रंगारीहून एस्टीनं शहरात आलात. प्राणिशास्त्र शिकवणारं एक कॉलेज होतं. खुर्चीच्या कडेवर तुम्ही अवघडून बसलात, पटका सारखा केलात आणि समोरच्या साहेबांना विचारलंत, मास्तर पोरांसंगं रानात येतो का. साहेब हसले. तुम्ही हसला नाहीत. बाहेर आल्यावर म्हणालात, "ज्याच्या चपलेला चिखल नाय, तो जनावराचं काय शिकवनार?" मग कन्नड तालुक्यातल्या जंगलातले एक वनरक्षक होते, त्यांना तुम्ही गाठलंत. त्यांनी लांबच्या एका सरकारी कॉलेजाचं नाव सांगितलं आणि अर्जही त्यांनीच भरून दिला.

मला हे वेड तुमच्याचमुळं लागलं होतं. एका हिवाळ्यात लांडग्यानं आपली दोन कोकरं मारली. एक नेलं, दुसरं अर्धं खाऊन टाकलं. उरलेल्यात विष घालून ठेवू, असं सगळे म्हणत होते. तुम्ही ते कोकरू उचललंत आणि खोल खड्डा करून पुरलंत. "त्याची बी पिलं असतील कुटं," एवढंच म्हणालात. मग मला ओढ्याच्या वाळूत नेलंत. मी तुमच्या मागून चालते आहे, तुम्ही काठीनं पावलं दाखवता आहात. कुत्रं वाकडंतिकडं हिंडतं, लांडगा सुतात चालतो. ती पावलं पार ओढ्यापलीकडं गेलेली दिसतात, एका रेषेत, आणि तुमच्या आवाजात राग शोधूनही सापडत नाही.

कॉलेजचं पत्र आलं ते तुम्हीच आणलंत. पोस्टमन वाटेत भेटला होता. बंडीच्या आतल्या खिशातून काढून तुम्ही ते माझ्या हातात ठेवलंत आणि समोर उभे राहिलात. आई जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. चूल मी सांभाळत होते, तुमच्या भाकरी मी बांधत होते. पत्रात लिहिलं होतं की माझी निवड झाली आहे, अमुक तारखेच्या आत हजर व्हावं. तुम्ही विचारलंत, "काय म्हनतेत?" मी म्हटलं, नाव नाही आलं. तुम्ही कागद परत घेतलात, उलटसुलट करून पाहिलात, जसा काही त्यावर तुम्हाला दिसेल असा दुसरा मजकूर असेल. मग म्हणालात, "कसूर झाली तुझी. मन लावून नाय केलास अभ्यास." तुम्ही मला रागावलात असं तेव्हाच, आधी कधी नाही. मी खाली मान घालून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही वनरक्षकांकडं पायी गेलात, पुन्हा अर्ज करता येईल का विचारायला. त्यांची बदली झाली होती. ते भेटले नाहीत म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं मी आजवर विसरले नाही.

पुढं माझं लग्न झालं, मी शहरात आले, आणि तीन वर्षांनी तुम्हाला सरकारी दवाखान्यात आणलं. छातीत पाणी झालं होतं. शेवटच्या दिवसांत तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "मला चार अक्षरं येत असती, तर तुला शिकवलं असतं. तुझं नाव आलं असतं." तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी तुमचं पांघरूण सारखं केलं आणि तुम्हाला चहा देऊ का विचारलं.

आता हर्सूलच्या घरात लेक बॅग भरते आहे. सोमवारी निघायचं. काल तिनं सहज विचारलं, आई, तुला नाही का वाटलं कधी असं काही शिकावं. मी म्हटलं, आमच्या वेळी असलं कुठं होतं. तिनंही विश्वास ठेवला.

हे कुठंही पाठवायचं नाही, ते मला माहीत आहे. तुम्ही असतात तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचताना एक गोष्ट मी गाळलीच असती. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले की तुम्ही एकटे पडाल म्हणून मी खोटं बोलले. तसं नव्हतं, आबा. मी जायला घाबरले होते.