तपासणी खोलीतले मौन तास

दि. ३ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अ. उ. आ.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. लहानपणी तुझं नाव टकळी उगाच पडलं नव्हतं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, आणि मला आज मनसोक्त चिडायचं आहे.

आमच्या ऑफिसात नवीन थेर सुरू झालेत. आल्या आल्या सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि 'आजचा माझा निर्धार' मोठ्याने सांगायचा. गोदामातला माणूस म्हणाला, खोकी नीट रचीन. हिशेबातली मुलगी म्हणाली, हसतमुख राहीन. मग टाळ्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, वाचीन. एवढंच का, असं साहेबांनी विचारलं. आता बाकी काय करू? औषधाच्या खोक्यात जो पातळ कागद घडी घालून ठेवतात, जो तू न उघडताच फेकतोस, तो छापायला जाण्याआधी अक्षर न् अक्षर तपासायचा, हे माझं आणि माझ्या जोडीला बसणाऱ्या माईंचं काम. आम्ही त्यात निर्धार कुठे कोंबायचा?

तरतरी यावी म्हणून दर थोड्या वेळाने खोलीत लिंबाच्या वासाचा फवारा मारतात. चहा फरशी पुसायच्या पाण्यासारखा लागतो. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक दिवा आलाय. हात हलत राहिला तर हिरवा, थांबला की लाल. शेजारचे गृहस्थ दिवसभर माऊस मांडीवर घेऊन गोंजारत बसतात आणि दिवा हिरवागार. काम शून्य. परवा त्यांचाच सत्कार झाला. मला खरोखर शिसारी आली.

आणि कहर म्हणजे मौन तास. सकाळभर कुणी अवाक्षर काढायचं नाही. शिवाय एका टेबलाला एकच माणूस, म्हणून माझ्या आणि माईंच्या मध्ये प्लायवूडची भिंत उभी केलीय. ही अक्कल कुणाची ते कळलं तर त्या माणसाला त्याच फवाऱ्याने आंघोळ घालीन.

मुलांना पापे. लोभ आहेच, तुझी बडबड थोडी कमी झाली तर तो वाढेलही.

तुझी,
ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडू नकोस आणि फवारा खाली ठेव. ती अक्कल माझी आहे.

तुला ठाऊकच आहे, ऑफिसांतून फिरून लोकांचं कामात मन कसं लागेल ते शिकवणं हा आता माझा धंदा झालाय. तुमच्या साहेबांनी आमच्या कचेरीला बोलावलं, तेव्हा कार्यक्रम मीच आखून दिला. शिकवायला माझ्या हाताखालची माणसं गेली. तू तिथे आहेस हे मी मुद्दाम बोललो नाही. ओळखीने काम मिळवलं असं कुणी म्हणायला नको. निर्धार माझा, दिवा माझा, मौन तासही माझे. लिंबाचा फवारा मात्र माझा नाही, तो साहेबांचा स्वतःचा शोध. तेवढ्यापुरतं तरी मला माफ कर.

खरं सांगू का, मौन तास मी तुझ्यासाठी घातले. आपल्या घरात तू पुस्तक उघडलंस की आई माझ्या तोंडावर बोट ठेवायची. ताई वाचतेय, गप्प बस. माझं अख्खं बालपण त्या एका वाक्याखाली चेपलं गेलं. तपासणी खोली म्हणजे वाचणारी माणसं, आणि वाचणाऱ्यांना शांतता हवी, यात विचारायचं काय, असं मला वाटलं. तू खूश होशील आणि मग मी फोडीन की हे माझं, असा माझा बेत होता. माझाच पोपट झाला.

महिनाभर दम धर. सवय झाली की तुलाच आवडेल. बाकी तुझ्या भावजयीने सांगितलंय की पत्रात तरी ताईंचं ऐकून घ्या, म्हणून इथेच थांबतो.

तुझा लोभ कितीही चिडका असला तरी तो मला लागतो. कळावे.

तुझा,
टकळी

दि. १५ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग डोकं धरून बसले. अरे शहाण्या, घरी मी गोष्टी वाचायची. इथे मी तपासते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नीट ऐक. डॉक्टर मंडळींकडून आलेला मूळ मजकूर माईंच्या हातात असतो. त्या तो मोठ्याने वाचतात, शब्द, आकडे, टिंब, कंस, सगळं. छापायला निघालेला नमुना माझ्यापुढे असतो. मी त्याच्यावर बोट फिरवते आणि प्रत्येक ओळीला 'आहे' म्हणते. जुळलं नाही तर 'थांबा'. आमची खोली नेहमी असल्या आवाजाने भरलेली असायची. परका माणूस दारातून डोकावला तर त्याला वाटायचं, या दोन बायका भांडतायत.

डोळा लबाड असतो रे. त्याला जे दिसायला हवं असतं तेच तो बघतो. २.५ आणि २५ त्याला सख्खे भाऊ वाटतात. पण तोंडाने अडीच म्हटलं की कानाला पंचवीस ऐकू येणं शक्यच नाही. आता माई भिंतीपलीकडे एकट्या, दोन कागद शेजारी ठेवून, मुक्याने या कागदावरून त्या कागदावर डोळे हलवत बसतात. संध्याकाळी त्यांचे डोळे लाल झालेले असतात. मी काल कुजबुजत वाचायला लागले तर देखरेखीच्या पोराने तोंडावर बोट ठेवलं. आईने तुला केलं होतं ना, अगदी तसंच.

माझं एकच मागणं आहे. साहेबांना दोन ओळी लिही की तपासणी खोलीला मौन लागू नाही आणि जोडी पूर्वीसारखी बसू दे. माझं ते ऐकत नाहीत. माझा दिवा लाल असतो, त्यामुळे मी कामचुकार ठरले आहे. माईंच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, त्यांच्या हातून काही चुकायला नको.

हे तेवढं कर. लोभाचं वेगळं सांगत बसत नाही.

तुझी,
ताई

दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, दौऱ्यावर होतो. तुझं म्हणणं शंभर टक्के पटलं. तू लिहिलेलं ते अडीच आणि पंचवीस मी माझ्या एका व्याख्यानात सांगूनही टाकलं, लोकांना फार आवडलं.

पण जरा माझ्या जागी उभी राहून बघ. तुमच्याकडचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही, हे साहेब पुढच्या महिन्यात ठरवणार आहेत. आत्ताच मी म्हटलं की एका खोलीत माझा नियम चुकला, तर उद्या दुसरी खोली हात वर करील आणि सगळा डोलारा खाली येईल. एकदा त्यांची सही होऊ दे, मग हळूच सांगतो. साहेबांच्या गळी उतरवणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे.

तोवर मोठं काम लहान तुकड्यांत वाटून घे. तासाभराने उठून पाणी पी. टेबलावर एखादं फूल ठेव. चिडू नकोस, मी हे जगाला सांगतो, तर सख्ख्या बहिणीला कसं सांगू नको?

माईंना माझा नमस्कार, अर्थात माझं नाव न घेता. लोभ कमी झालाय असं वाटतंय, तो परत जागेवर आणावा.

तुझा,
टकळी

दि. १९ मार्च

चि. टकळीस,
आशीर्वाद.

तुझं फूल आणि तुझं पाणी तुलाच लखलाभ.

लहान बाळांच्या तापाच्या औषधाचा कागद चुकीचा छापला गेला. मात्रा अडीच मिलीच्या जागी पंचवीस मिली. टिंब गळालं. एका औषधविक्रेत्याने खोका उघडून पाहिला आणि फोन केला, म्हणून कळलं. खोकी परत मागवलीत. बहुतेक सगळी आली, असं म्हणतात. त्या 'बहुतेक'ने मला जेवण जात नाही. एखाद्या घरात एखादी आई तो कागद समोर धरून चमच्यामागून चमचा भरत असेल, हे डोळ्यांपुढून हलत नाही.

कागद माईंनी तपासला होता. एकटीने, मुक्याने, तुझ्या मौन तासात. खाली सही त्यांची. जोडीने वाचलं असतं तर त्या अडीच म्हणाल्या असत्या आणि मी थांबा म्हटलं असतं, इतकं ते सोपं होतं. शुक्रवारी त्यांची चौकशी आहे. निकाल आधीच ठरलाय, की कामात लक्ष नव्हतं. इतकी वर्षं त्या बाईने दुसऱ्यांच्या चुका वेचल्या, आणि जाताना कपाळावर हा शिक्का घेऊन जायचं.

याहून ओंगळ काय ते ऐक. सगळ्यांचं लक्ष वाढावं म्हणून साहेबांनी तुझा आणखी एक कार्यक्रम ठेवलाय, चौकशीच्या आदल्या दिवशी. चूक झाली त्याचं बक्षीस तुला.

आता माझ्यावर उपकार म्हणून नाही, खरं आहे म्हणून लिहून दे. नियम माझा होता, तो या खोलीला लावणं चूक होतं, आणि बहिणीने मला फेब्रुवारीतच बजावलं होतं. शुक्रवारच्या आत ते साहेबांच्या टेबलावर पाहिजे. बाकी काही नको.

ताई

दि. २३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

लिहून देण्यापेक्षा मी स्वतः येतो. या वेळी माणसं पाठवत नाही, कार्यक्रम मीच घेतो. कागद एकदा हातातून गेला की त्याचे शंभर अर्थ काढतात. समोरासमोर मला वातावरण बघून बोलता येईल. योग्य वेळ साधून साहेबांना बाजूला घेईन. तोवर तू आपलं नातं कुणाला कळू देऊ नकोस, नाहीतर माझ्या शब्दाला वजन राहणार नाही.

माझ्यावर विश्वास ठेव. लोभ असेल-नसेल, एवढं कर.

तुझा,
टकळी

दि. २९ मार्च

चि. टकळीस,

आशीर्वाद तोंडी येत नाही, म्हणून लिहिला नाही. घाईने नको, सावकाश वाच.

तू आमच्याकडे येऊन छान बोललास. कोट छान होता. हिशेबातली मुलगी तर तुझं बोलणं उतरवून घेत होती. मी मागच्या रांगेत बसून वाट बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. मग तू म्हणालास की क्षणभर मन भरकटलं तर काय होतं, ते तुमच्याच घरात नुकतं घडलंय. एक टिंब, एक बेसावध क्षण. नाव घेतलं नाहीस, तेवढा तू सभ्य आहेस. पण सगळी खोली मान वळवून माईंकडे बघायला लागली. त्या मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. त्यांनी खाली बघितलं नाही, तुझ्याकडेच बघत राहिल्या. तू पाण्याचा घोट घेतलास आणि पुढे बोलायला लागलास.

तू साहेबांना बाजूला घेतलंस तेही मी पाहिलं. हसत हसत बाहेर आलात. पुढच्या वर्षाची सही झाली, असं मला शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं, माऊस गोंजारता गोंजारता.

मी नातं लपवायचं बंद केलं. शुक्रवारी, माई आत यायच्या आधीच, चौकशीच्या खोलीत बोलावलं नसताना गेले आणि साहेबांना सांगितलं की हा नियम करणारा माझा पाठचा भाऊ, आणि या खोलीला तो चालणार नाही हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की म्हणजे हा तुमचा घरगुती प्रश्न दिसतो. तुझ्या तालमीत चांगले तयार झालेत.

माईंनी चौकशीत वाद घातला नाही. सही माझी आहे, एवढंच म्हणाल्या, आणि त्याच दिवशी काम सोडल्याचा कागद देऊन टाकला. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. तुझ्याबद्दल कसं सांगायचं, याची जुळवाजुळव मनात चालली होती. ती वेळच आली नाही. त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा भाऊ बोलतो छान, हो."

साहेबांना मी सांगण्याच्या आदल्या दिवशीच माईंनी तुला ओळखलं होतं. बोलता बोलता तू डावा कान ओढतोस, तसा मीही ओढते म्हणे. भर सभेत तू त्यांना उघडं पाडत होतास, तेव्हा त्यांना ठाऊक होतं की हा हिचा भाऊ आहे. तरी दुसऱ्या दिवशी चौकशीत त्यांनी माझं नाव घेतलं नाही, तुझं नाही, मौनाचंही नाही. मला अडचण नको म्हणून. आणि मी फाटकापाशी शरमेने नुसती उभी राहिले.

घराचा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. तो माझा नाही, माईंचा आहे. त्यांना लिही, किंवा जा, तुला बोलता येतं. मला उत्तर पाठवू नकोस. लोभ हवा असेल तर तो आता त्यांच्याकडे माग. त्यांनी दिला तर माझाही आहे असं समज.

ताई