परत द्यायचा बॉल

प्रिय भिंगरी,

हे नाव वाचून हसली असशील, नाहीतर चिडली असशील. चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर लोकांच्या दाढा काढणाऱ्या बाईला भिंगरी कोण म्हणतं? पण गल्लीतल्या पोरांनी तुला दिलेलं हे नाव आज मला हवंय, कारण मला तुझ्या खेळाबद्दल बोलायचंय. तू तो ज्या दुपारी सोडलास, त्या दुपारबद्दल. फोनवर मी हवापाण्याच्या पुढे जात नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून हा कागद.

आधी खुशाली. आईचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालो तरी लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की कान आधी वर जातात. परवा दवाखान्याच्या लिफ्टची घरघर ऐकून तिथल्या शिपायाला म्हटलं, रुळांना तेल द्यायला सांगा. तो माझ्याकडे असा बघत राहिला की तुझ्या आईने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

आपल्या जुन्या गल्लीतला फुटबॉल आठवतो का गं? एका बाजूला दोन दप्तरांचा गोल, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पाइप आणि इस्त्रीवाल्याचं टेबल. दहा पोरं आणि तू. रेफरी नाही, घड्याळ नाही, ज्याचा बॉल त्याचा निकाल. पास देणं म्हणजे आपल्याला जमत नाही हे कबूल करणं. कुणी पडलं तरी खेळ थांबायचा नाही. पडलेल्यालाच दोन शिव्या बसायच्या आणि तो लंगडत पुन्हा पळायला लागायचा. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून उंटावरून शेळ्या हाकायचो. अडलीस की तू वर बघायचीस, मी हाताने खूण करायचो, आणि तू एका पायावर गर्रकन फिरून तिघांच्या मधून निघून जायचीस. इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच ठेवून बघत राहायचा. एकदा त्याने कुणाचा तरी सदरा जाळला आणि दोष तुला दिला.

मग माझी बदली झाली आणि आपण इकडे परमुलखात आलो. तू अकरा वर्षांची होतीस. इथलं हिरवंगार मैदान, आखलेल्या पांढऱ्या रेषा, सगळ्यांना सारखे मोजे, आणि बेकरीवाले मास्तर, जे पहाटे पाव भाजून भुवयांवर पीठ घेऊनच मुलांना फुटबॉल शिकवायला यायचे. इथल्या मुली एकमेकींना पाडलं तर हात देऊन उठवायच्या. बॉल पायात आला की लगेच दुसरीला द्यायच्या. आपल्याच गोलमध्ये बॉल घातला तरी आईबाप दोरीमागून “छान प्रयत्न!” म्हणून टाळ्या वाजवायचे. मला ते सगळे नाकाने कांदे सोलणारे वाटायचे. घरी येऊन मी त्यांच्या नकला करायचो आणि तू पोट धरून हसायचीस.

पहिल्याच मॅचला तू काय केलंस ते आठवतं? समोरच्या टीममधल्या एका मुलीच्या बुटाचा तळवा निघाला, तशी तू खाली बसून आपले दोन्ही बूट काढलेस. गल्लीत तसंच होतं ना, एक अनवाणी असेल तर सगळ्यांनी अनवाणी खेळायचं. मास्तर धावत आले. बुटांशिवाय खेळता येत नाही, हे तुला समजावता समजावता त्यांची तारांबळ उडाली. त्यांना वाटलं, ही बिचारी बूट चावतात म्हणून काढतेय. तू का काढलेस ते मला माहीत होतं. मी दोरीपाशीच होतो. मला त्यांना सांगता आलं असतं, पण माझं इथल्या भाषेतलं बोलणं तेव्हा अडखळतं होतं आणि चारचौघांत हसं होईल म्हणून मी गप्प राहिलो. खिलाडूपणा तुला कुणी शिकवायची गरज नव्हती, एवढंच सांगायला हवं होतं.

आता ती दुपार. हंगामाची शेवटची मॅच, दोघांचा एकेक गोल, पाच मिनिटं उरलेली. आपली एक मुलगी पाय धरून पडली, म्हणून समोरच्या टीमने आपणहून बॉल रेषेबाहेर घालवला. ती उठली, मग आपल्या मुलीने बॉल हातात घेऊन हळूच त्यांच्या गोलकीपरकडे फेकला. इथली ती रीतच आहे. आमच्यासाठी थांबलात, घ्या तुमचा बॉल. त्यांची गोलकीपर केस बांधत निवांत उभी होती. बॉल तुझ्या पायाजवळून घरंगळत चालला होता. तू थांबलीस. काहीतरी वेगळं चाललंय हे तुला कळलं होतं, आणि नेहमीसारखं तू माझ्याकडे बघितलंस.

आणि मी ओरडलो, “मार!”

आपल्या भाषेत. त्या अख्ख्या मैदानावर तो शब्द दोघांनाच कळला, तुला आणि मला. तू गर्रकन फिरलीस आणि गोल केलास. दोन्ही हात वर करून माझ्याकडे धावत निघालीस, आणि अर्ध्या वाटेत तुझ्या लक्षात आलं की टाळी एकही वाजत नाहीये. मास्तर माझ्याजवळ आले. रागावले नव्हते, नुसतं विचारत होते. मी कसनुसं हसून म्हटलं, ती नवीन आहे, तिला इथले नियम कळत नाहीत, मी समजावेन तिला. तोवर तुला त्यांची भाषा माझ्यापेक्षा चांगली यायला लागली होती. तू शब्द न् शब्द ऐकलास. मग मास्तरांनी तुम्हा सगळ्यांना बाजूला उभं केलं, समोरच्यांनी चालत येऊन बॉल आपल्या गोलमध्ये सरकवला आणि मॅच बरोबरीत सुटली. शेवटी हात मिळवताना त्यांच्या गोलकीपरने तुझी पाठ थोपटली. तुला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. पुढच्या आठवड्यात तू म्हणालीस, मला आता चित्रकलेचा क्लास लावायचाय, आणि मी दुसऱ्याच दिवशी रंगांची पेटी आणली. कसला तत्पर बाप!

मास्तर आता काठी घेऊन चालतात. मागच्या महिन्यात बेकरीसमोर भेटले, तुझी चौकशी केली. म्हणाले, इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण तशी फिरणारी दुसरी पाहिली नाही. तेव्हाही मी पावाची पिशवी उचलून घरी चालता झालो.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. रविवारी तू दवाखान्यात होतीस तेव्हा नातीने फोन केला. आजोबा, मला टीममध्ये घेतलंय, म्हणाली. मी म्हटलं, आईवर गेलीस! तर ती म्हणते, छे, आईला कुठे खेळता यायचं, तिला नियमच कळायचे नाहीत म्हणून तिने सोडलं. बत्तीस वर्षांपूर्वी मी बोललेलं वाक्य आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून ऐकलं, आणि फोन ठेवून हा कागद काढला. तू मला वाचवायला तिला असं सांगतेस, का तुला स्वतःलाच ते खरं वाटतं, हे मला माहीत नाही. मला वाचवत असशील तर आता पुरे कर. आणि खरं वाटत असेल, तर ऐक. त्या मॅचच्या आदल्या आठवड्यात मास्तरांनी सगळ्या पालकांना बोलावून बॉल परत द्यायची रीत नीट समजावली होती. घरी मुलींना सांगा, म्हणाले होते. मला सगळं कळलं होतं. फुकटचा साळसूदपणा म्हणून मी तुला ते सांगितलंच नाही. नियम मला माहीत होता, आणि माहीत असून मी ओरडलो. शनिवारी आम्ही दोघं येतोय. नातीला हे मी स्वतः सांगणार आहे, तुझ्यासमोर. तुझ्या खेळात काहीच खोट नव्हती, पोरी. तुझ्या बापाने मार म्हटलं, म्हणून तू मारलंस.

तुझाच, आणि इतकी वर्षं तुझा अपराधी,
बाबा