जॉलीचा पत्ता

माळनाका, रत्नागिरी
२१ ऑक्टोबर २००१

प्रिय मुकुल,

प्रिय लिहिताना आज हात अडखळला, तरी लिहिलं. पाठचा भाऊ आहेस, दुसरं काय लिहिणार?

ऑगस्टमध्ये फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस. मीटिंग आहे म्हणालास. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

तुमच्या पोफळीच्या कॉलनीतल्या शाळेत शिकवणाऱ्या विमलाबाई नारळी पौर्णिमेला आमच्याकडे आल्या होत्या. चहा घेता घेता सहज म्हणाल्या, "तुमच्या भावाचा तो लांब कानांचा कुत्रा अजून बंगल्याच्या फाटकाशीच बसलेला असतो हो." मी म्हटलं, छे, तो नागपूरला असणार त्यांच्याबरोबर. "कालच बघितला मी," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले, चिपळूणला गाडी बदलली आणि अकरा वाजता तुझ्या रिकाम्या बंगल्यापुढे उभी राहिले.

मला तो ओळखू आला नाही, मुकुल. अंगावरचे केस गाठी होऊन चिकटलेले, कानांत गोचिडी, डाव्या डोळ्यात पांढरं पडलेलं. तुमचा वॉचमन महिपत रोज आपल्या डब्यातली भाकरी त्याला घालत होता, म्हणून जगला. महिपत म्हणाला, "सायेब बोलले होते, सामान लावून झालं की गाडी घेऊन न्यायला येतो." मेपासून ऑगस्टपर्यंत! आणि तो माणूस तुझ्यावर विश्वास ठेवून बसला होता. माझ्यासमोर एक जीप वळणावर आली, तर जॉली धडपडत उठला, शेपटी हलवत फाटकाला नाक लावून उभा राहिला. जीप पुढे गेली. तो परत बसला. तेव्हा तू समोर असतास तर मी वयाचा विचार केला नसता, तुझ्या थोबाडीत मारली असती.

घरी आणून फोन केला, तर तू काय म्हणालास? "ताई, अकरा वर्षांचा आहे तो. एखादं इंजेक्शन देऊन टाक, सुटेल बिचारा." सुटेल कोण, ते मला कळलं हो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, सोसायटी कुत्रा ठेवू देत नाही, हे सगळं मान्य. पण आमच्याकडे फोन आहे, नंबर तुला तोंडपाठ आहे. बदलीची ऑर्डर आली त्या दिवशी एक शब्द टाकला असतास, तर मी त्याला फाटकाशी बसू दिलं असतं का?

हे जॉलीला बघून खूश झाले. पण यांचा दमा तुला ठाऊक आहे. पंधरा दिवसांत छाती भरली, डॉक्टरांनी कुत्रा घरात नको म्हणून बजावलं. बाहेर ठेवावं, तर आमच्या मागच्या आळीतून गेल्या पावसाळ्यात बिबट्या वाघाने दोन कुत्रे उचलले. मग मी घर शोधायला लागले. भाट्याकडच्या एका बागायतदारांनी त्याचं तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले, "हा काय वांदर हाकलणार? पिल्लू असेल तर सांगा." कॉलेजातल्या एका बाईंना त्याच्या जातीचे पेपर्स हवे होते. एकांनी दोन दिवस ठेवला आणि ऐकू येत नाही म्हणून परत आणून सोडला. प्रत्येक वेळी त्याला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, आणि लोकांनी त्याला बाजारातल्या जुन्या सायकलीसारखं निरखायचं. तो मात्र प्रत्येकाचा हात चाटायचा. मला त्याचीच लाज वाटायची, आणि मग लाज वाटल्याची लाज.

शेवटी दारावर मासे घेऊन येणाऱ्या मथुराने त्याला नेलं. टोपली ओट्यावर ठेवून ती पाणी प्यायला आत आली होती. जॉली टोपलीपाशी जाऊन वास घेत बसला, तोंड लावलं नाही. ती म्हणाली, "बाय, ह्याला मी नेतंय पूर्णगडाला." मी सगळं खरं सांगितलं, म्हातारा आहे, ऐकू येत नाही, एक डोळा गेलाय. ती हसून नवऱ्याबद्दल म्हणाली, "आमचो लवू तरी कुटं ऐकतो? समुद्रावर जायचा बंद झाल्यापासना जाळी सांधत एकटाच बसतो. बसतील दोगं."

गेल्या रविवारी आम्ही दोघं बघून आलो. लवू जाळं मांडीवर घेऊन बसला होता आणि जॉली त्याच्या पायाला पाठ लावून उघड्या डोळ्यांनी पडून होता. समोरच्या रस्त्यावरून टेम्पो गेला, त्याने मान वर केली नाही. 

इथवर मी राग गिळला होता, मुकुल. पण काल मनस्विनीचं पत्र आलं. तुझी लेक लिहिते, "आत्या, मेमध्ये बाबा जॉलीला तुझ्याकडे पोचवून आले, तेव्हापासून मी तुला सहा पत्रं लिहिली. बाबांनी पोस्टात टाकली. तुझं एकही उत्तर नाही. माझ्यावर रागावलीस का? की जॉली त्रास देतो? हे पत्र मी शाळेजवळच्या पेटीत स्वतः टाकते आहे." सहा पत्रं! कुठे आहेत ती? कुत्रा टाकलास, माझ्या नावावर खोटं बोललास, आणि अकरा वर्षांच्या पोरीला वाटू दिलंस की आत्या तिच्यावर रुसली. मी तिला अजून उत्तर लिहिलेलं नाही. आठ दिवस थांबते. तेवढ्यात तिला समोर बसवून खरं सांग, तुझ्या तोंडाने, आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन ये, मी पूर्णगडला नेईन. नाही सांगितलंस, तर नवव्या दिवशी मी लिहीन. पत्र तिच्या शाळेच्या पत्त्यावर येईल आणि त्यात मी तुला पाठीशी घालणार नाही.

तरीही तुझीच,
पद्मजाताई